परक्या ठाण्याची पायरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये अशी आपली म्हण. कोल्हापुरात तिच्यात पोलीस ठाण्याचीही पायरी धरलेली असते. ठाण्यात जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, बरोबर कुणाला न्यायचं? तालमीचा अध्यक्ष, ओळखीचा नगरसेवक, नाहीतर खात्यातला लांबचा पाहुणा. दुसरा प्रश्न, हद्द कुणाची? राजारामपुरीची की शाहूपुरीची, जुना राजवाडा की लक्ष्मीपुरी? हे दोन प्रश्न इतके अंगवळणी पडलेत की विमानात बसलं तरी हँडबॅगेतून सोबत येतात.

परदेशात खिसा कापला गेला की आपला माणूस पहिला फोन घरी लावतो. घरचे मामांना लावतात, मामा खात्यातल्या दोस्ताला लावतात आणि तासाभरानं निरोप येतो, ‘काळजी करू नको, बघतो.’ बघणार काय? तिथं एकच ओळख चालते, पासपोर्टवरची, आणि नेमकी तीच खिशातून गेलेली असते. तो तास मात्र हातचा जातो. बँकेचं कार्ड बंद करणं, सिम बंद करणं आणि जवळच्या पोलिसांकडे चालत जाणं, एवढं त्या तासात व्हायला पाहिजे. तिथं आपण वाद मिटवायला जात नसतो, कागद आणायला जातो. कागदात काय लिहिलं जातं यावर पुढचे आठ-पंधरा दिवस ठरतात.

उदाहरणाला फ्लॉरेन्स घेऊ, कारण इटलीत गेलेल्या कोल्हापूरकराला त्या गावात जायला घरचं निमित्त आहे. कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथं वारले. वय अवघं वीस. इटलीत तेव्हा दहनाला मुभा नव्हती. खास परवानगी निघाली, तेव्हा कुठं आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री चिता पेटली. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढं आपला नवा राजवाडा आखला तेच. फ्लॉरेन्सची माणसं महाराजांना ‘इंदियानो’ म्हणतात आणि शेजारचा पूलही त्याच नावानं ओळखला जातो. छत्री ज्या बागेत आहे तिचं नाव काशीने. संगम, दहन आणि काशीने; योगायोगच म्हणायचा.

ही बाग सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री तिच्या पार पश्चिम टोकाला. दर मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो. आपल्या माणसाला बाजार दिसला की पाय वळतातच. गर्दी, हातात पिशव्या, नजर वर छत्रीच्या दिशेनं नाहीतर मोबाईलच्या नकाशात. खिसेकापूला याहून काय हवं? सांता मारिया नोवेल्ला रेल्वे स्टेशन आणि ट्रामचा दरवाजा या आणखी दोन जागा. पद्धत जुनीच आहे. एकजण दारात अडखळल्यासारखं करून वाट अडवतो, मागचा काम करतो आणि दार लागायच्या आत दोघंही खाली उतरतात. ट्राम सुटल्यावर खिसा चाचपून उपयोग नसतो.

आता जायचं कुणाकडं? इटलीत पोलीस एक नाहीत आणि रंग बघून ओळखावे लागतात. फिकट निळ्या-पांढऱ्या गाड्यांतले ते राज्य पोलीस, गृहखात्याचे. त्यांचं जिल्ह्याचं मुख्य कार्यालय म्हणजे क्वेस्तूरा; फ्लॉरेन्सचं विया झारा या रस्त्यावर आहे. गडद निळ्या गाड्या, पँटीला लाल पट्टा आणि टोपीवर ज्वाळेचं चिन्ह, ते काराबिनिएरी. १८१४ मध्ये सार्डिनियाच्या राजानं उभं केलेलं हे दल आजही संरक्षण खात्याखाली येतं. म्हणजे सैनिकही आणि पोलीसही. आपल्याकडं याला तोड नाही, एसआरपीही नव्हे. करड्या गणवेशातले ते ग्वार्दिया दि फिनान्झा, त्यांचा संबंध कर, जकात आणि नकली मालाशी. चौकात वाहतूक सांभाळणारे आणि पार्किंगची पावती फाडणारे ते महापालिकेचे पोलीस. चोरीची नोंद राज्य पोलीस घेतात किंवा काराबिनिएरी, दोघांपैकी कुणीही. मोठ्या रेल्वे स्टेशनात राज्य पोलिसांचीच रेल्वे शाखा असते, तिथंही जमतं. हद्दीचा प्रश्न इथंच संपतो: पाकीट मारलं पिसात आणि लक्षात आलं फ्लॉरेन्सात, तरी नोंद फ्लॉरेन्सात होते. (आपल्याकडंही आता ‘झिरो एफआयआर’ कायद्यात लिहिलेला आहे, पण हद्दीचा प्रश्न अजून आपल्याच तोंडातून पहिला निघतो.) जिवावर बेतलं असेल तर ११२. आपल्या घरचाही नंबर हाच, म्हणून वेगळा पाठ करायला नको. पण पाकीट गेलं म्हणून ११२ फिरवू नये. तिथं ‘ठाण्यात जा’ एवढंच सांगतात.

काराबिनिएरीच्या छोट्या ठाण्याचं फाटक बहुतेक वेळा बंद दिसतं. आपला माणूस बघतो, ‘बंद आहे वाटतं’ म्हणतो आणि परत फिरतो. फाटकाशेजारी घंटीचं बटण आणि बोलायची जाळी असते. बटण दाबायचं, आतून आवाज आला की कामाचं एकच वाक्य बोलायचं. चोरी असेल तर ‘मी आन्नो रुबातो इल पासापोर्तो’, हरवला असेल तर ‘ओ पेर्सो इल पासापोर्तो’. उच्चार कोल्हापुरी ठसक्यात झाला तरी समजतो. छोटी ठाणी रात्री आणि दुपारच्या जेवणाच्या वेळी बंद असू शकतात, तेव्हा थेट क्वेस्तूरा गाठावी. ही लष्करी इमारत असते, म्हणून फाटकासमोर सेल्फी नको. आणि आत एकट्यानं जावं, फार तर इंग्रजी बरं येणारा एकजण सोबत. चाळीस जणांचा अख्खा ग्रुप घेऊन गेलं तर काम दुप्पट लांबतं, कारण चाळीसही जण एकदम सांगायला लागतात.

वर दिलेली दोन वाक्यं सारखी वाटतात, पण सगळी गोम त्यातच आहे. इटालियन कागदावर चोरीला ‘फुर्तो’ म्हणतात आणि गहाळ होण्याला ‘स्मारिमेंतो’. आपल्याला वाटतं, कशाला चोरी म्हणायचं, चौकशी लांबेल, ‘हरवला’ म्हणून मोकळं होऊ. पासपोर्टपुरतं ते चालूनही जातं. पण त्याच पाकिटात पैसे, कार्डं किंवा फोन असेल आणि प्रवासविम्याचा दावा करायचा असेल, तर विमा कंपनी आधी कागदावरचा शब्द बघते. कित्येक पॉलिसींत चोरीची भरपाई असते, विसरण्याची नसते. उलट काहीजण विम्याच्या आशेनं, हॉटेलात विसरलेला कॅमेरा चोरीला गेला म्हणून लिहून देतात. हे फार वाईट. न घडलेल्या गुन्ह्याची खोटी फिर्याद देणं हा तिथं स्वतंत्र गुन्हा आहे. इटालियन दंडसंहितेचं कलम ३६७, शिक्षा एक ते तीन वर्षं. खरोखर माहीत नसेल, तर जे दिसलं तेवढंच सांगावं: ट्राममध्ये चढताना बॅगेची चेन बंद होती, उतरल्यावर उघडी दिसली, आत पाकीट नव्हतं. शब्द कुठला बसवायचा ते अधिकारी ठरवतो.

त्या कागदाला ‘देनुन्चा’ म्हणतात. तो जवळून बघण्यासारखा असतो. वर ठाण्याचं नाव, तारीख, वेळ आणि नोंद घेणाऱ्याचं पद. मग फिर्याददार: आधी ‘कोन्योमे’ म्हणजे आडनाव, नंतर ‘नोमे’ म्हणजे नाव. इथंच पहिली ठेच लागते. आपण तोंडी सांगताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमानं सांगतो आणि ऐकणारा कधी वडिलांचं नाव आडनावाच्या घरात टाकून मोकळा होतो. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या ओळीत नाव आणि वडिलांचं नाव मिळून असतं, तसंच ते ‘नोमे’मध्ये पूर्ण उतरायला हवं. बायकांच्या बाबतीत दुसरी अडचण. इटलीत लग्नानंतरही बाईचं कायदेशीर आडनाव माहेरचंच राहतं, म्हणून अधिकारी सहज माहेरचं आडनाव विचारतो आणि आपली वहिनी इमानदारीत ते सांगून टाकते. मग देनुन्चावर एक आडनाव आणि दूतावासाच्या नोंदीत दुसरं. तोंडानं सांगूच नये. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स पुढं ठेवावी आणि त्यावर बोट दाखवावं. जन्मस्थळही पासपोर्टवर छापलंय तेच, मग ते गडहिंग्लज असो की हातकणंगले, स्पेलिंगच्या चुकीसकट. ग्रुपमध्ये दहा पाटील असतात हे गृहीत धरून जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक दोनदा तपासावेत.

झेरॉक्स नसेल तर? फोनमध्ये फोटो असतो, पण फोनच गेलेला असू शकतो. म्हणून पासपोर्ट, व्हिसाचं पान आणि विमा पॉलिसी यांचे फोटो कोल्हापूर सोडायच्या आधी स्वतःला ईमेल करावेत आणि घरच्या एकाच्या फोनवर पाठवून ठेवावेत. त्यांच्यासोबत फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकही. *#०६# दाबलं की पडद्यावर येतो. फोन चोरीच्या नोंदीत तो विचारतात, आणि फोन गेल्यावर तो फोनमधून बघता येत नाही, हे बहुतेकांना ठाण्यातच सुचतं.

वेळेचा रकाना नीट भरावा. ‘सकाळी’ म्हणून भागत नाही. वस्तू शेवटची कधी पाहिली आणि नसल्याचं कधी लक्षात आलं, या दोन वेळा लागतात, त्याही चोवीस तासांच्या घड्याळात. बाजारात पैसे दिल्याची पावती खिशात असेल तर पहिली वेळ तिच्यावर छापलेली असते.

दागिना गेला असेल तर काम अवघड होतं. परदेशी सहलीला कोल्हापुरी साज घालून जाणाऱ्या बायका आता कमी झाल्या, पण गळ्यात मंगळसूत्र, बांगड्या असतातच. इटालियन कागदावर साजाला ‘कोल्लाना दोरो’ म्हणजे सोन्याचा हार याहून वेगळा शब्द नाही, आणि तसे हार त्या देशात ढिगानं. म्हणून वर्णन आपणच द्यायचं: किती पानं, मधे लाल खडा की हिरवा, फास मळसूत्राचा की हुकाचा. परंपरेनं साजात एकवीस पानं. तुमच्यात कमी असतील तर मोजून सांगा. वजन ग्रॅममध्ये, कारण तोळा हा शब्द गुजरीच्या, म्हणजे आपल्या सराफ बाजाराच्या, बाहेर कुणाला कळत नाही. गुजरीतल्या दुकानाचं बिल आणि साज घातलेला एक स्पष्ट फोटो, एवढं हाताशी असलं की वर्णनाची दोन पानं वाचतात. याच फोटोचा आणि बिलाचा उपयोग परतताना मुंबईच्या कस्टमलाही होतो. म्हणूनच जड दागिना नेणाऱ्यानं जातानाच कस्टमकडून नेत असल्याचा दाखला घ्यावा. मला विचाराल तर साज घरी कपाटात ठेवावा. छत्रीपुढं हात जोडायला तो लागत नाही.

लिहून झालं की अधिकारी कागद छापून पुढं सरकवतो आणि सही मागतो. कागद इटालियनमध्ये असतो. आपण शरमेपोटी न वाचता सही ठोकतो. तसं करू नये. फोनचं भाषांतर काढून पाच गोष्टी बघाव्यात: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, घटनेची तारीख-वेळ आणि फुर्तो की स्मारिमेंतो. चूक दिसली तर तिथंच दाखवली की दोन मिनिटांत दुरुस्त होते. नंतर दाखवली तर पुन्हा रांग, पुन्हा नवा अधिकारी, पुन्हा पहिल्यापासून. मग ‘कोपिया’ म्हणजे प्रत मागायची आणि तिच्यावर ‘तिंब्रो’ म्हणजे शिक्का आहे का ते बघायचं. शिक्का आणि सही नसलेला कागद दूतावासात उपयोगाचा नाही. आपल्याकडं एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तशीच ही. पैसे लागत नाहीत आणि देऊ करायचे तर मुळीच नाहीत. ‘साहेब, चहापाणी’ म्हणून पाकीट पुढं करणं तिथं लाच देऊ पाहण्याचा गुन्हा ठरतो. कागद मिळायच्या जागी दुसराच कागद सुरू होतो.

आवाजाचंही सांगायला हवं. आपल्याकडं दोन दोस्त रंकाळ्यावर मायेनं बोलत असले तरी परगावच्याला भांडण लागलंय असं वाटतं. त्याच पट्टीत परक्या काउंटरवर बोललं की समोरचा आक्रसतो. शासकीय अधिकाऱ्याचा अपमान हा इटलीत गुन्हा आहेच, पण तिथवर न जाताही वरचा आवाज काम लांबवतो. हळू बोलायचं, मधे न तोडता पुरतं ऐकून घ्यायचं. आपल्याला हे जमतं, जरा वेळ लागतो इतकंच.

देनुन्चा हातात आली की पुढचा मुक्काम रोम. इटलीत मिलानला आपलं वाणिज्य दूतावासाचं कार्यालय आहे, पण ते उत्तरेच्या प्रांतांसाठी. फ्लॉरेन्स ज्यात येतं तो तोस्काना प्रांत रोमच्या दूतावासाकडं. म्हणजे हद्दीचा प्रश्न इथं मात्र खरा निघतो आणि तो आपल्याच कार्यालयांचा असतो. फ्लॉरेन्सहून वेगवान गाडी दीड तासात रोमला पोचते. शनिवार-रविवार दूतावास बंद, म्हणून शुक्रवारी दुपारी गेलेला पासपोर्ट सोमवारपर्यंत हलत नाही. परतीचं विमान रविवारचं असेल तर तिकीट शुक्रवारीच पुढं ढकलावं. घाईत परतायचं असेल तर आणीबाणीचं प्रवासपत्र मिळतं. ते एकदाच आणि भारताच्या दिशेनंच चालतं. त्यावर पॅरिस बघून येऊ म्हणणारे असतात. त्यांना विमानतळावरचे पोलीस थांबवतात. वाटेत दुबई-दोहाला विमान बदलायचं असेल, तर हे पत्र चालेल का ते एअरलाइनला आधीच विचारावं. सीमेवरचा अधिकारी व्हिसा शोधतो, आणि तो जुन्या पासपोर्टबरोबर गेलेला असतो. तिथं देनुन्चा आणि व्हिसाची झेरॉक्स बोलते. म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, अंगावरच ठेवायची.

आणि पासपोर्ट सापडला तर? हॉटेलच्या गादीखालून, कोटाच्या अस्तरातून तो निघतोच कधीकधी. आनंदानं तोच घेऊन विमानतळावर जाऊ नये. नोंद झालेला क्रमांक इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या प्रवास दस्तऐवजांच्या यादीत जातो. ही यादी २००२ पासून चालू आहे आणि सीमेवरचं यंत्र तीच बघतं. पडद्यावर लाल खूण उमटली की आपलाच पासपोर्ट आपण चोरलेला ठरतो. सापडलेला पासपोर्ट दूतावासात जमा करायचा, बस्स.

काहीही हरवलेलं नसताना पोलिसांकडं जावं लागतं, हे मुलाकडं जाणाऱ्या आईबापांना कुणी सांगत नाही. हॉटेलात उतरलं की काउंटरवर पासपोर्ट मागतात, कारण १९३१ च्या कायद्यानुसार पाहुण्याची माहिती चोवीस तासांत क्वेस्तूराला कळवायची असते. कोल्हापुरात परदेशी पाहुणा उतरला की आपला लॉजवाला सरकारला कळवायचा फॉर्म भरतो, त्यातलीच ही गोष्ट. पण पोराच्या फ्लॅटवर उतरलं तर कळवणार कोण? ते पोरानं करायचं असतं. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरी ठेवलं की अठ्ठेचाळीस तासांत लेखी कळवावं लागतं; पोलीस कार्यालय नसलेल्या गावात नगरपालिकेत. आणि कायद्यात स्पष्ट म्हटलंय, पाहुणा नातेवाईक असला तरी. न कळवल्यास १६० ते १,१०० युरो दंड, तोही पोरालाच. शिवाय फ्रँकफर्ट किंवा पॅरिसवरून आलेल्याच्या पासपोर्टवर इटलीचा शिक्का नसतो. त्यानं हॉटेलात उतरायचं नसेल तर आठ दिवसांत स्वतः क्वेस्तूरात जाऊन ‘मी आलोय’ अशी नोंद करायची. आईनं आणलेल्या चटण्या-लोणच्यांची पहिली बरणी उघडायच्या आत हा फॉर्म भरून टाकलेला बरा.

भाड्याच्या गाडीनं फिरणाऱ्यांची गाठ पोलिसांशी न भेटताच पडते. फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेली हद्द आहे, तोंडावर कॅमेरा आहे, पोलीस नाही. नकाशा सरळ रस्ता दाखवतो, आपण आत शिरतो, हॉटेल शोधत तीन चकरा मारतो. प्रत्येक चकरेला वेगळा दंड. नोटीस कित्येक महिन्यांनी कोल्हापूरच्या पत्त्यावर येते. परदेशी माणसाला ती ३६० दिवसांपर्यंत धाडता येते. मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर तीस टक्के सूट. गाडी देणारी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याची फी कार्डावरून आधीच कापून घेते आणि आपल्याला वाटतं, दंड भरला गेला. ते दोन वेगळे हिशेब आहेत. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र एमएच-०९ च्या कार्यालयातूनच काढून न्यावा, एक वर्ष चालतो. आणि पुलावर चादर अंथरून विकायला ठेवलेली भारी नावाची बॅग स्वस्तात घ्यायचा मोह झाला तर आठवावं, तिथं नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, सात हजार युरोपर्यंत.

कधी पोलीसच रस्त्यात थांबवतात आणि ओळखपत्र मागतात. ते नसेल किंवा पटलं नाही तर ओळख पटेपर्यंत ठाण्यात बारा तास बसवून ठेवता येतं, दुभाषा किंवा दूतावासाची गरज पडली तर चोवीस. अटकच झाली तर तीन गोष्टी शांतपणे मागायच्या: दुभाषा, वकील आणि भारतीय दूतावासाला निरोप. दूतावासाचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारातला आहे आणि तो आपण मागितल्यावरच नीट लागू होतो. दुभाषा समजेल त्या भाषेचा मिळायला हवा. मोडक्या इंग्रजीत जबाब देण्यापेक्षा मराठी म्हणावं, वेळ लागला तरी चालेल.

जपानला जाणाऱ्यांसाठी चित्र पार वेगळं. तिथं चौकी म्हणजे कोबान. १८७४ मध्ये टोकियोत सुरू झालेली पद्धत. आज शहरातल्या कोबान आणि खेड्यातल्या चौक्या मिळून सुमारे १२ हजार आहेत. खेड्यातल्या चौकीत पोलीस बायकोमुलांसह राहतो, आमच्या जुन्या पोलीस पाटलाच्या वाड्यासारखं. स्टेशनाबाहेर दोन खोल्यांची ही जागा दारावरच्या लाल दिव्यामुळं लांबून ओळखू येते. आत भिंतीवर गल्लीबोळाचा मोठा नकाशा, कारण दिवसभर लोक पत्ताच विचारायला येतात. वस्तू हरवली तर ‘इशित्सु-तोदोके’ नावाचा फॉर्म भरायचा आणि नोंदीचा क्रमांक जपून ठेवायचा. वस्तू कुणी आणून दिली तर पोलीस ती तीन महिने सांभाळतात. मालक सापडला की आणणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागायचा कायदेशीर हक्क आहे. आणणारा ते बऱ्याचदा सोडून देतो, आणि आपण हॉटेलचं बिस्किट का होईना घेऊन आभार मानायला गेलं तर त्याचं नावही मिळत नाही. पण जपानचा एक नियम कडक आहे. परदेशी माणसानं मूळ पासपोर्ट सतत अंगावर बाळगायचा, झेरॉक्स चालत नाही; नसेल तर एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे इटलीत खिसेकापूच्या भीतीनं पासपोर्ट तिजोरीत ठेवायची लागलेली सवय टोकियोत सोडावी लागते.

ब्रिटनबद्दल इतकंच. आत्ता चाललेल्या गुन्ह्याला ९९९, होऊन गेलेल्याला १०१, आणि फोन ठेवण्याआधी गुन्ह्याचा नोंद क्रमांक लिहून घ्यायचा, कारण विमा कंपनीला कागद नको असतो, तो क्रमांक हवा असतो.

आणीबाणीच्या पत्रावर घरी परतलेला माणूस मग कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात नव्यानं अर्ज करतो. सोबत हरवल्याचं प्रतिज्ञापत्र, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स आणि शिक्क्याची ती मूळ देनुन्चा. मूळ कागद काउंटरवर सोडून येऊ नये, दाखवून परत घ्यावा. विम्याचा दावा अजून बाकी असतो. काही दिवसांनी पडताळणीसाठी ठाण्यातून बोलावणं येतं, नाहीतर हवालदार दारात येतो. शेजारच्या दोघांच्या सह्या, लाईटबिल, रेशनकार्ड, सगळं टेबलावर मांडलेलं असतं. तो इटालियन कागद उलटसुलट करून बघतो, विया झाराचा शिक्का उजेडात धरतो आणि चहाचा कप खाली ठेवत विचारतो, ‘हे कुठल्या हद्दीतलं म्हणायचं?’